फालन्याला न थांबणारी गाडी आणि वीस लिटर उंटिणीचं दूध

एप्रिल २०२० आठवतोय ना, लॉकडाऊन लागून जेमतेम दोन आठवडे झालेले, आपण सगळे डालगोना कॉफी फेटत बसलेलो, आणि तेव्हा मुंबईतल्या एका आईने थेट पंतप्रधानांना टॅग करून ट्विट केलं की माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे आणि खाण्याच्या भयंकर अ‍ॅलर्ज्या आहेत, तो उंटिणीचं दूध आणि थोड्याशा डाळी एवढ्यावरच जगतो, घरातलं दूध पुरणार नाही, राजस्थानातल्या सादडीहून दूध किंवा त्याची पावडर मिळवून द्या. ओडिशाचे आयपीएस अधिकारी अरुण बोथरा यांनी ते ट्विट उचललं, रेल्वेच्या लोकांपर्यंत पोचवलं, आणि लुधियानाहून वांद्रे टर्मिनसला येणारी एक पार्सल गाडी फालना स्टेशनात, जिथे तिला थांबाच नव्हता, तिथे मुद्दाम थांबवली गेली. वीस लिटर दूध चढलं. १० एप्रिलच्या शुक्रवारी रात्री ते मुंबईत पोचलं, आणि त्या कुटुंबाने त्यातलं थोडं शहरातल्याच दुसऱ्या एका गरजूला दिलं.

बातमी सगळ्यांनी वाचली, डोळ्यात पाणीबिणी आलं, फॉरवर्ड झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा मला फोन. मी डेअरीच्या धंद्यात आहे म्हणून घरात दुधाच्या बाबतीत सुप्रीम कोर्ट मीच, अगदी दही का लागलं नाही इथपासून. मावशी म्हणाली, "अरे ते ट्रेनवालं दूध आपल्यालाही मागव ना, तुझ्या काकांचं इन्सुलिन सुटेल म्हणतायत." मी म्हटलं मावशी, ते पोरगं ऑटिझमचं, काकांना शुगर, यात इन्सुलिन कुठून आलं? तर म्हणे सोसायटीच्या ग्रुपवर आलंय, कॅन्सरलाही चालतं.

तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यात घर करून बसलंय, कारण एका ट्रेनच्या बातमीतून लोकांनी जो अर्थ काढला तो जवळजवळ उलटा होता. लोकांना वाटलं औषध आलं. नीट बघितलं तर त्या मुलाचं जेवण आलं होतं. म्हणून ही केस जरा उलगडून लिहितो. त्या कुटुंबाला मी ओळखत नाही, बातम्यांत आलं तेवढंच मला माहिती, बाकी सगळं दुधाबद्दल.

पहिला प्रश्न माझ्या मनात आला तो असा की मुंबईत उंटच कशाला, शेळीचं दूध का नाही चाललं? लॉकडाऊनमध्येही शेळी कुठेतरी मिळाली असती. तर इथेच खरी गोम आहे. गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी म्हणजे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं नव्हे, ते वेगळं, तिथे पोट बिघडतं आणि प्रकरण संपतं, अ‍ॅलर्जीत शरीर दुधातल्या प्रोटीनलाच शत्रू समजतं, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, कधी श्वास अडकतो. आणि शेळी, मेंढी, म्हैस या सगळ्यांची प्रोटीनं गायीच्या इतकी जवळची आहेत की गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेळीचंही झेपत नाही. आपल्याकडे आज्या बिनधास्त सांगतात ना, गायीचं सोसत नाही तर शेळीचं द्या, तो सल्ला अ‍ॅलर्जीच्या पोराला चांगलाच महागात पडू शकतो.

उंट हा त्या मानाने लांबचा नातेवाईक. त्याच्या दुधात बीटा लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन नसतंच, जे गायीच्या दुधात अ‍ॅलर्जीचं एक मोठं कारण असतं आणि आईच्या दुधातही नसतं. शिवाय केसिन या दुधातल्या मुख्य प्रोटीनची मांडणीही वेगळी, त्यातला अल्फा एस वन प्रकार कमी आणि बीटा जास्त, पुन्हा आईच्या दुधाच्या बाजूला झुकणारी. त्यामुळे गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेली बरीच मुलं उंटिणीचं दूध पचवतात. बरीच, सगळी नाही हं. काहींच्या टेस्ट यालाही पॉझिटिव्ह येतात, म्हणून पहिला घोट घरी किचनमध्ये नाही, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरसमोर, आणि तोही थेंबाथेंबाने. तर त्या आईची धडपड या अर्थाने शंभर टक्के समजण्यासारखी होती, जे एक दूध पोराला सोसतंय तेच संपत आलंय आणि बाहेर संचारबंदी.

आता दुसरा प्रश्न, सादडीच का? राजस्थानात पाली जिल्ह्यात अरवलीच्या पायथ्याशी हे गाव, फालना स्टेशन तिथून फार लांब नाही. या पट्ट्यात राईका लोक पिढ्यान् पिढ्या उंट पाळतात. गंमत म्हणजे त्यांच्यात दूध विकणं हे पोटचं पोर विकण्यासारखं मानायचे, पाहुण्याला फुकट पाजतील पण पैसे घेणार नाहीत. इल्झे कोलर रोलेफसन नावाच्या एक जर्मन पशुवैद्यक बाई तिथे अनेक वर्षं राहून काम करतायत, त्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या खटपटीतून तिथे उंटिणीच्या दुधाची छोटी डेअरी उभी राहिली, आणि देशभरातून ऑटिझमवाल्या, अ‍ॅलर्जीवाल्या मुलांचे आईबाप तिथून गोठवलेलं दूध मागवायला लागले. लॉकडाऊन लागला आणि ही सगळी साखळी एका फटक्यात तुटली.

यावर कोणीतरी विचारेल, मग टेट्रा पॅक का नाही, सहा महिने टिकणारा, घरात दहा डबे भरून ठेवले असते. इथे मात्र मला धंद्यातलं बोलायला मिळतंय म्हणून जरा लांबवतो. गायीच्या दुधाला एकशेचाळीस डिग्रीपर्यंत काही सेकंद तापवून पॅक करता येतं, कारण त्यातले केसिनचे गोळे कप्पा केसिनने बाहेरून सांभाळलेले असतात, एकूण केसिनमध्ये ते साधारण १३ टक्के असतं. उंटिणीच्या दुधात हेच कप्पा केसिन ३-४ टक्के, आणि बीटा लॅक्टोग्लोब्युलिन तर नाहीच, त्यामुळे इतक्या तापमानाला ते दूध टिकवणं कठीण जातं, प्रोटीन खाली बसायला लागतं. म्हणजे बघा, ज्या गोष्टीमुळे ते त्या पोराला चाललं, तीच गोष्ट नसल्यामुळे ते टिकवताना अडचण येते! दहीसुद्धा नीट लागत नाही, पातळ ताकासारखं होतं, चीज करताना दूध फाडायचं नेहमीचं एन्झाइम, रेनेट, फारसं काम करत नाही. मग तेव्हा मुख्यतः उरत होतं काय, पाश्चराइज करून थोडे दिवस थंड ठेवणं, गोठवणं, किंवा पावडर, आणि पावडरचा भाव किलोला काही हजार रुपये. अमूलने जानेवारी २०१९ मध्ये गुजरातेत अर्ध्या लिटरची बाटली ५० रुपयांना काढली तीही फ्रीजमध्ये ठेवून तीनच दिवसांची.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बाहेर कोणी सांगत नाही. गायीचं दूध नीट पाश्चराइज झालं का हे बघायला डेअरीत फॉस्फेटेज टेस्ट करतात, ते एन्झाइम नष्ट झालं म्हणजे जंतूही मेले असं धरतात. उंटिणीच्या दुधातलं हे एन्झाइम जास्त उष्णता सोसतं, त्यामुळे ही टेस्ट तिथे तशी लावता येत नाही, वेगळी पद्धत लागते. म्हणजे छोट्या डेअरीने मनापासून काम केलं तरी आपलं दूध खरंच सुरक्षित झालं का हे ताडायला गायीच्या दुधाची पट्टी कामाची नाही.

सरकारदरबारी हे दूध "दूध" म्हणून मान्य व्हायलाच २०१६ उजाडलं, तेव्हा एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, त्याचे मापदंड काढले, फॅट किमान ३ टक्के. पण उंटिणीचं दूध मुळात पातळ, बऱ्याच उंटिणींचं ३ ला पोचतच नाही, म्हणून नंतर ती अट २ टक्क्यांवर आणावी लागली.

पौष्टिकतेचं थोडक्यात उरकतो कारण तिथे जादू कमी आणि बोलबाला जास्त. प्रोटीन गायीच्या आसपास, फॅट थोडं कमी, लॅक्टोज असतंच, चव किंचित खारट. व्हिटॅमिन सी गायीच्या दुधाच्या तीन ते पाच पट, हे खरंय, पण गायीच्या दुधात ते असतंच किती, म्हणजे नगण्यच्या पाचपट झालं! वाळवंटात जिथे भाजी दिसत नाही तिथल्या गुराख्याला याचं मोल आहे, पुण्यामुंबईत एका पेरूत एक ग्लासपेक्षा कितीतरी जास्त सी मिळेल, आणि दूध उकळलं की त्यातलंही थोडं जातं. लोह दहापट वगैरे जे छापतात त्याकडे बघूच नका, दूध कुठलंही असो, लोहासाठी दूध पीत नसतात. लॅक्टोफेरिनसारखी जंतूंना आवरणारी प्रोटीनं त्यात बऱ्यापैकी असतात हे मात्र वाखाणण्यासारखं.

मग ऑटिझमचं काय? रियाधच्या किंग सौद युनिव्हर्सिटीत लैला अल अयाधी यांच्या टीमने २०१३ मध्ये ६० मुलांवर प्रयोग केला, काहींना कच्चं उंटिणीचं दूध, काहींना उकळलेलं, काहींना गायीचं, रोज अर्धा लिटर, दोन आठवडे. उंटिणीचं दूध प्यालेल्या मुलांच्या रक्तात अँटिऑक्सिडंट वाढले, वर्तनाच्या मोजमापातही थोडी सुधारणा दिसली. वाचताना आशा वाटते. पण दोन आठवडे! ऑटिझम हा काही सर्दीताप नाही की चौदा दिवसांत फरक मोजून मोकळं व्हावं, आणि मुलं अवघी ६०, तीही तीन गटांत वाटलेली. मला वाटतं काही मुलांत फरक दिसतो तो पोट शांत झाल्याचा असेल, ज्या पोराचं पोट गायीच्या दुधाने सतत बिघडलेलं असतं, झोप नाही, चिडचिड, त्याचं ते दूध बंद झालं की पोर सुधारल्यासारखं वाटणारच, श्रेय मात्र नव्या दुधाला जातं. हे माझं मत, पुरावा म्हणून नका घेऊ. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियामक संस्थेने, तर ऑटिझमवर खोटे दावे करणाऱ्या गोष्टींबद्दल पालकांना सावध करताना कच्च्या उंटिणीच्या दुधाचं नाव त्यात घेतलंय.

आता काकांच्या इन्सुलिनचं, कारण मावशी सोडत नव्हती. ही गोष्ट बिकानेरची. तिथल्या एस पी मेडिकल कॉलेजचे डॉ. आर पी अगरवाल यांनी बरीच वर्षं यावर काम केलं. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं की उंटिणीचं दूध पिणाऱ्या राईकांमध्ये डायबेटिस शून्य. २०११ मध्ये दोन वर्षांचा प्रयोग छापला, टाइप वनचे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असे, २४ पेशंट, निम्म्यांना रोज अर्धा लिटर उंटिणीचं दूध, आणि त्या बारा जणांचा इन्सुलिनचा डोस सरासरी साडेबत्तीस युनिटवरून साडेसतरावर आला, तिघांची गरज शून्य झाली. हे आकडे खरे आहेत आणि ऐकले की कोणीही हरखून जाईल, मीही गेलो होतो. पण बारा माणसं. आणि राईका दिवसभर उंटांमागे मैलोन् मैल चालतात, बाजरी खातात, त्यांच्या डायबेटिस नसण्याचं सगळं श्रेय एका ग्लासला देणं जरा जास्तच. या दुधात इन्सुलिनसारखं काहीतरी लिटरला ५० युनिटच्या आसपास असतं आणि ते पोटात न फाटता पुढे जातं असं सांगतात, पण तोंडाने घेतलेलं इन्सुलिन पोटात पचून जातं म्हणून तर सुई टोचावी लागते, उंटिणीच्या दुधातलं तेवढं पचनातून कसं निसटतं हे नीट सिद्ध झालेलं नाही.

यात भीती दोन बाजूंनी आहे. एक, कोणी दुधाच्या भरवशावर सुई बंद केली तर टाइप वनच्या माणसाला काही दिवसांत आयसीयू, कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) झाला की जीवावर बेततं. आणि दोन, समजा दुधाचा थोडा परिणाम झालाच, डोस तोच राहिला, तर शुगर खाली. बिकानेरच्या प्रयोगात डॉक्टर दर आठवड्याला लक्ष ठेवून डोस बदलत होते, ग्रुपवर फॉरवर्ड करणारे उंटावरचे शहाणे ती ओळ गाळतात.

आणि मग कच्च्याचा प्रश्न. उंटिणीचं दूध विकणारे आणि पिणारे दोघांतही एक ठाम समज असतो की उकळलं की गुण जातो. धारोष्ण प्यायचं, थेट आचळाखालून. आमच्या गावी गायीच्या बाबतीतही म्हातारी माणसं असंच म्हणायची, तेव्हा हा समज फक्त राजस्थानचा नाही. पण उंटाला ब्रुसेलोसिस होतो आणि तो कच्च्या दुधातून माणसात येतो, चढउतार होणारा ताप, रात्री घाम, सांधे धरणं, महिनोन् महिने निदान होत नाही, टायफॉइड टायफॉइड करत फिरतात. दक्षिण इस्रायलमध्ये बेदुईन लोकांत उंटिणीच्या दुधातून ब्रुसेलोसिसचा उद्रेक झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. भरीला मर्स, २०१२ मध्ये सौदीत सापडलेला कोरोनाचा चुलता, उंटातून माणसात येणारा, नोंद झालेल्या रुग्णांपैकी तिघातला एक दगावतो. आणि इथे मला कपाळावर हात मारावासा वाटतो, जागतिक आरोग्य संघटनेने मर्सच्या बाबतीत ज्यांनी कच्चं उंटिणीचं दूध अजिबात टाळावं असं सांगितलंय त्या यादीत डायबेटिसचे पेशंट आहेत, किडनीचे आहेत, फुप्फुसाचे जुने आजारी आहेत. म्हणजे ज्याला औषध म्हणून कच्चं पाजायला निघालात त्यालाच ते सगळ्यात जास्त धोक्याचं.

तेव्हा उकळायचं, चांगली उकळी आणून, आणि पाश्चराइज्ड बाटली असेल तर थंड साखळी तुटली नाही ना ते बघायचं. फालन्याहून वांद्र्यापर्यंत एप्रिलच्या उन्हात गाडी येत होती, ते वीस लिटर गोठवून डब्यात बर्फात होतं का हे बातम्यांत काही वाचलं नाही, पण डेअरीवाल्याच्या नजरेला बातमी वाचताना आधी तेच दिसतं. निम्मं वितळून पुन्हा गोठवलेलं दूध, हा प्रकार मी दुसऱ्या दुधांच्या बाबतीत बघितलाय आणि तो सुखाचा नसतो.

पुन्हा त्या मुलाकडे येतो. दूध आणि थोड्या डाळी एवढ्यावर वाढणारं साडेतीन वर्षांचं पोर, यात खरा धोका मला तिथे वाटतो. उंटिणीच्या दुधात फोलेट कमी, लोह कुठल्याही दुधासारखं तुटपुंजं, चरबी कमी म्हणजे उष्मांकही कमी. असं पोर वर्षानुवर्षं फक्त यावर काढत असेल तर वजन, उंची, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, बी बारा हे सगळं नियमित बघायला लागतं, आणि अ‍ॅलर्जी खरंच किती पदार्थांची आहे हे पुन्हा तपासत राहायला लागतं, कारण मुलांच्या बऱ्याच अ‍ॅलर्ज्या वयाबरोबर जातात आणि आईबाप मात्र भीतीने तीच यादी धरून बसतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युलाऐवजी हे द्यायचंच नाही, त्यातली प्रोटीन आणि क्षारांची मात्रा त्या वयाच्या मूत्रपिंडाला जड. अ‍ॅलर्जीच्या बाळांसाठी प्रोटीन बारीक तोडलेले फॉर्म्युले मिळतात, महाग आणि कडवट, पण ते त्यासाठीच बनवलेले असतात.

आणि सगळ्यांनीच रोज अर्धा लिटर प्यायचं ठरवलं तर आणणार कुठून? देशातले उंट २०१२ च्या गणनेत ४ लाख होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले. उंटीण तेरा महिने गाभण राहते, पिल्लू समोर असलं तरच पान्हा सोडते, बरेच पाळणारे चारातले दोनच सड पिळतात आणि दोन पिल्लाला राखतात. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्य प्राणी केलं आणि २०१५ मध्ये कत्तलीला बंदी आणि बाहेर न्यायला निर्बंध घालणारा कायदा आणला, त्याने जुना बाजार बसला, मग दूध हाच एक रस्ता उरला. आपल्याकडे विदर्भात कच्छचे रबारी वर्षानुवर्षं मेंढ्या आणि उंट घेऊन फिरतात, वर्धा यवतमाळकडच्यांना ते तांडे ओळखीचे आहेत, पण त्या उंटिणींचं दूध ते स्वतःच चहात वापरतात, आपल्यापर्यंत येत नाही.

हे सगळं मी मावशीला फोनवर तासभर सांगितलं. काकांचं इन्सुलिन चालू राहील, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक युनिटही कमी करायचं नाही, दूध आणायचंच तर उकळून, आणि औषध म्हणून नाही, आवड म्हणून. ती सगळं ऐकून घेत होती, मध्ये मध्ये हं हं, मग म्हणाली, "बरं मग चहाला तरी चालेल का ते?" म्हटलं चालेल, जरा खारट लागेल.

"मग राहू दे," मावशी म्हणाली, "यांना बिनसाखरेचाच आधी कसाबसा जातोय."